प्रेमापोटी दिलेली जमीन

रुवीतल्या आमच्या ऑफिसात जुन्या हस्ताक्षरातले कागद टाइप करायचं काम चालतं. बहुतेक कागद विम्याचे असतात, नाहीतर हॉस्पिटलचे. डॉक्टरांचं अक्षर लावता येतं म्हणून मला तिथे घेतलं होतं, आणि तेच करत माझी मस्कतमधली बरीचशी वर्षं गेली. नवरा सोहारला स्टीलच्या कारखान्यात, तो गुरुवारी संध्याकाळी घरी येणार. आम्ही दोघी मायलेकी वादी अदाईच्या फ्लॅटमध्ये. मुलगी शाळेत इंग्रजी बोलते, घरातही इंग्रजीच बोलते, आणि माझ्याशी मराठी बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर सोडून हातवारे करते.

त्या वर्षी एक वेगळंच काम आमच्याकडे आलं. कुठून कुठून फिरत आलं होतं. उत्तर अमेरिकेत मोठाली तळी आहेत, समुद्रासारखी. त्या तळ्यांच्या काठाला पोटावाटोमी नावाचे लोक राहायचे. इंग्रजांच्या अमलात त्यांच्या म्होरक्यांनी तिथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना जमिनी लिहून दिल्या. फर घेणारे, घोंगड्या आणि किटल्या विकणारे हे व्यापारी, कोणी फ्रेंच तर कोणी इंग्रज. सरकारचा नियम होता म्हणे, की कोणा खासगी माणसाने या लोकांकडून जमीन परस्पर घ्यायची नाही. तरी घेत होते. त्या जमिनींच्या दस्तांचे फोटो आमच्या स्क्रीनवर येत, आणि आम्ही ते वाचून टाइप करायचो.

अक्षर तिरपं, शाई पसरलेली, स्पेलिंग मनाला येईल तसं. पण दोन-चार दस्त झाले की पुढचे लावता येत, कारण मजकूर बराचसा तोच असे. अमुक ओढ्यापासून तमुक झाडापर्यंतची जमीन, व्यापाऱ्याला आणि त्याच्या वारसांना, कायमची. का दिली, त्या जागी कधी मालाची यादी असे, आणि कधी नुसतंच लिहिलेलं असे की आमचं याच्यावर प्रेम आहे म्हणून. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला वाटलं माझं वाचायला चुकलं. खाली म्होरक्यांच्या सह्या. सह्या म्हणजे चित्रं. एक मासा, एक कासव, लांब पायांचा एखादा पक्षी. ज्या कुळाचा जो प्राणी, तो त्याने काढायचा.

ऑफिसचा नियम असा की अक्षर नसेल तिथे ‘खूण’ असं टाइप करून पुढे जायचं. मी तसंच केलं. पहिला गठ्ठा पाठवल्यावर तिकडच्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. वयाने साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांची वेणी खांद्यावर. त्या स्वतः पोटावाटोमी होत्या आणि आपल्या लोकांचे जुने कागद गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं.

“तुमचं काम चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, “पण ती खूण नाही. तो मासा आहे. मासा असेल तिथे मासा लिहा.”

“आणि ओळखू आला नाही तर?”

“मग तसं लिहा. प्राणी आहे, ओळखू येत नाही. पण खूण नको. तो माणूस कोण, ते तेवढ्यावरूनच आम्हाला कळतं.”

तेव्हापासून मी प्रत्येक सही मोठी करून बघायला लागले. बाईंशी आठवड्याला एकदा बोलणं व्हायचं. त्यांची सकाळ असायची, आमची संध्याकाळ. शंका असतील त्या विचारायच्या, मग इकडचं तिकडचं.

याच सुमाराला माझ्या भावाचा वसईहून फोन आला. “ताई, पप्पांना थोडे दिवस तुझ्याकडे ठेवून घे. दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसतात. जेवत नाहीत धड.”

भिंत कसली ते सांगायला हवं. आमची वाडी वसईच्या पश्चिमेला. मोगरा, कागडा, सोनचाफा आणि केळी. वाडीच्या एका कोपऱ्यात बावखल होतं, म्हणजे आमच्याकडे वाड्यांमध्ये असतं तसं गोड्या पाण्याचं लहान तळं. सगळं शिंपणं त्याच्यावर, घरामागची विहीर पिण्यापुरतीच. आमची फुलं दादरच्या बाजारात एक व्यापारी घ्यायचा. पप्पा त्याला शेठ म्हणायचे, पण तो घरच्यासारखा होता. ईस्टरला आमच्याकडे जेवायला यायचा. मम्मी आजारी पडली तेव्हा मुंबईतल्या हॉस्पिटलात तिला त्यानेच नेलं, आणि शेवटच्या दिवसांत पप्पा घरी कपडे बदलायला यायचे तेव्हा तिच्याजवळ तो बसायचा. मम्मी गेल्यावर काही वर्षांनी तो म्हणाला, मला तुझ्या शेजारी एक खोली बांधून म्हातारपणी राहायचंय. पप्पांनी बावखलासकट तो कोपरा त्याच्या नावावर करून दिला. किंमत नावापुरती. भाऊ तेव्हा कॉलेजात होता आणि मी इथे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेठने कौलारू खोली बांधली, कुंपण घातलं नाही. पाणी आम्ही पहिल्यासारखंच घेत होतो. रविवारी दोघे म्हातारे बावखलाच्या पायरीवर बसून विड्या ओढायचे.

शेठ गेला. त्याच्या मुलांनी जागा बिल्डरबरोबर डेव्हलप करायला घेतली. डंपर आले, डेब्रिस टाकून बावखल बुजवलं, भिंत बांधली, लोखंडी गेट लावलं. आमच्या मोगऱ्याला टँकरचं पाणी घालून भाऊ थकला.

पप्पा मस्कतला आले ते एक लहान बॅग आणि सुकवलेल्या बोंबलाची पुडी घेऊन. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोर डोंगर दिसतो. त्यावर गवताची काडी नाही, तपकिरी दगड नुसता. पप्पांनी खुर्ची तिथे ओढली.

“बाय, या डोंगराला मालक आहे का?”

“सरकारचा असेल, पप्पा.”

“बरं आहे. कोणाला नको असला म्हणजे सुटला.”

सुरुवातीचे दिवस एवढंच बोलले असतील. मुलगी शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसायची. ती काही विचारायची, त्यांना कळायचं नाही, मग दोघं टीव्ही बघायची. सुट्टीत नवरा आम्हाला डोंगरातल्या एका गावात घेऊन गेला. तिथे फलज आहे, खजुराच्या बागांना पाणी नेणारा जुना पाट. पप्पांनी चपला काढून पाण्यात पाय सोडले. थोडा वेळ त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला. मग म्हणाले, “हे वाहतं. आपलं एका जागी राहायचं,” आणि पाय पुसून गाडीत जाऊन बसले.

मी काही दिवस घरून काम करायचे. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पाणी प्यायला उठलेले पप्पा मागे थांबले.

“कासव कोणी काढलंय? शाळेतल्या पोराने?”

“नाही. ती सही आहे.”

त्यांनी खुर्ची ओढली. मी त्यांना सगळं सांगितलं, तळी, व्यापारी, कुळांचे प्राणी. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाले, “वाच काय लिहिलंय ते.” मी तो दस्त मराठीत सांगत गेले. ओढा, झाड, वारस, कायमची. आणि मध्ये ते वाक्य आलं, प्रेमापोटी.

“असं लिहिलंय?”

“हो.”

“त्या व्यापाऱ्याला यांची भाषा येत होती का?”

“मला काय माहीत, पप्पा.”

“मग विचार ना तुझ्या त्या बाईला.”

पुढच्या कॉलला ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी येऊन बसले. मी बाईंना म्हटलं, हे माझे वडील, यांना एक विचारायचंय. बाईंनी आधी त्यांना विचारलं की तुमच्या जमिनीत काय पिकतं. पप्पांनी फुलांची नावं सांगितली. बाई म्हणाल्या, आमच्याकडे मका व्हायचा, आणि तळ्यात आपोआप उगवणारा भात असतो, तो होडीतून झोडून घ्यायचा. हे सांगितल्यावर पप्पा पहिल्यांदा हसले. होडीतून भात!

मग त्यांनी आपला प्रश्न विचारला. मी मध्ये दुभाष्यासारखी.

“हो,” बाई म्हणाल्या, “पुष्कळांना यायची. काहींनी आमच्यात लग्नं केली. आमच्यातले बरेच जण त्यांचेच वंशज आहेत, मीसुद्धा असेन.”

“म्हणजे माणसं वाईट नव्हती.”

“काही होती. काही नव्हती. वाईट नसलेल्यांचंच मला जास्त जड जातं.”

पप्पांनी पुढचं विचारलं. “जमीन दिल्यावर तुमचे लोक तिथे जात होते का? मासे धरायला वगैरे?”

“जात होते. बरीच वर्षं. कोणी अडवत नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपण याला आपल्याजवळ राहायची जागा दिली. ते काही भोळे नव्हते, त्या माणसाला ते ओळखत होते. पण तो म्हातारा झाला, मेला. पुढे कागद दुसऱ्याच्या हातात गेला. आणि त्या दुसऱ्याला कोणी ओळखत नव्हतं.”

“मग?”

“मग अमेरिकेचं सरकारच आलं, आणि उरलेलीही घेतली. सैनिक आले. आमच्यातल्या बऱ्याच जणांना पश्चिमेला चालवत नेलं. वाटेत पोरं गेली, म्हातारे गेले. माझ्या आजीची आजी त्यात होती. ती पोचली.”

मी हे मराठीत सांगताना अडखळत होते. 

“तिला सांग,” पप्पा म्हणाले, “मला कोणी चालवलं नाही. मी विमानाने आलो, लेकीकडे. माझं काहीच नाही त्याच्यापुढे.”

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. “त्यांना सांगा, मी मोजत नाहीये.”

त्यानंतरच्या शुक्रवारी, इथे सुट्टीचा वार तोच, चर्चमधून मिसाहून आल्यावर पप्पा म्हणाले, शेठच्या मुलाला फोन लावून दे. मी लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना मोबाईलवर नीट ऐकू येत नाही.

“काका! कसे आहात? मस्कतला आहात ना? गरम असेल तिकडे.”

“बरा आहे. अरे, ते बावखल.”

“हां, काका.”

“ते मी तुझ्या बापाला दिलं होतं.”

“हो ना काका. आणि बाबांचं ते आमचं. तुम्हीच तर सही केलीत.”

“सही केली, मी कुठे नाही म्हणतो? तुझ्या बापाने ते कधी बुजवलं नसतं.”

 मुलगा उद्धट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याचा आवाज खरंच अवघडलेला होता. “काका, दादरचा गाळा बंद झाला. आम्ही दोघे भाऊ. काय करणार होतो त्या तळ्याचं? तुम्ही कधीही या. गेटवर वॉचमन आहे, त्याला फक्त माझं नाव सांगा. कोणी अडवणार नाही.”

पप्पांनी “बरं” म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. मग ते बेडरूममध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाले, “माझ्या वाडीत जायला त्याचं नाव सांगायचं.”

व्हिसा वाढवून घेऊ असं मी म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. विमानतळावर त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही.

घरी गेल्यावर ते रोज संध्याकाळी त्या गेटपर्यंत जायचे. आत नाही. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. वॉचमन उत्तर प्रदेशातला कोणीतरी, त्याला म्हाताऱ्याची दया आली असेल, त्याने बाहेर खुर्ची टाकून द्यायला सुरुवात केली. भाऊ फोनवर सांगायचा, दोघे बोलत बसतात, याला धड हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही. मला ऐकून बरं वाटायचं. मग तो वॉचमन बदलला. नव्या वॉचमनने विचारलं, किससे मिलना है? पप्पा परत आले ते पुन्हा गेले नाहीत. पुढे खोकला झाला, तो छातीत उतरला. मी पोचले तेव्हा त्यांना सूट घालून हॉलमध्ये ठेवलं होतं, हातात रोझरी. शेठचा मुलगा मातीला आला होता. मोठा हार आणला होता, मोगऱ्याचा. भावाने तो घेतला आणि इतर हारांच्या खाली ठेवला.

मस्कतला परतले तेव्हा अमेरिकेचं काम संपत आलं होतं. तिकडचा निधी थांबला होता, बरेच दस्त टाइप व्हायचे राहिले. शेवटच्या कॉलला मी बाईंना पप्पांचं सांगितलं.  त्यांनी विचारलं, “ते तळं, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?”

“बावखल.”

त्यांनी तो शब्द म्हणून बघितला, चुकला, पुन्हा म्हटला. आमच्याकडे असं कोणी गेलं की मी जमिनीवर चिमूटभर तंबाखू ठेवते, आज ठेवेन, असं म्हणाल्या. मला बावखलाच्या पायरीवरच्या विड्या आठवल्या. दुसऱ्या आठवड्यापासून स्क्रीनवर पुन्हा विम्याचे कागद.

त्यानंतर काही महिन्यांनी भावाचा फोन आला. राहिलेली वाडी आणि घर त्याच्या एकट्याच्या नावावर करायचं होतं, कर्जासाठी बँकेला तसं लागत होतं. मी हक्कसोडपत्र करून द्यायचं. आमच्याकडे बहिणी देतातच, माझ्या आत्यांनी पप्पांना दिलं होतं. वकिलाने मसुदा पाठवला. मी तो ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत उघडला. स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भावावरील प्रेमापोटी.

माझं भावावर प्रेम आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी मला तो कागद पुढे वाचवेना.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. “एक ओळ घाल त्यात. मी जिवंत असेपर्यंत घरातली मागची खोली मला वापरायला आणि विहिरीचं पाणी.”

“अगं, ते काय कागदावर लिहायचं असतं? घर तुझंच आहे.”

“असू दे. तरी घाल.”

 तो म्हणाला, “पप्पांचं तुझ्या डोक्यात बसलंय.”

“हो.”

“मी काय शेठच्या पोरासारखा वाटतो तुला?”

“तू नाहीस रे. तुझी पोरं मोठी होतील तेव्हा मी कोण असेन त्यांची? वर्षातून एकदा चॉकलेट घेऊन येणारी. माझ्या मुलीला तर त्यांच्याशी धड बोलताही येत नाही.”

“माझ्या पोरांना तू ओळखत नाहीस,” तो म्हणाला. ते खरंच होतं, आणि तेच मी सांगत होते, पण त्याने ते वेगळ्या अर्थाने म्हटलं होतं. त्याने फोन ठेवला. आपटून नाही, हळूच.

मला बाईंना विचारावंसं वाटलं. ईमेल होता माझ्याकडे. पण काय विचारणार होते? त्या दस्तांवर मासा आणि कासव काढणाऱ्यांनी अशी ओळ घालून मागितली असती तर काय झालं असतं, हे त्यांनाही कुठून माहीत असणार?

सुधारलेला मसुदा आला. ओळ होती. अगदी मी म्हटली तशी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. नवऱ्याने सुट्टी काढली आणि आम्ही सही साक्षांकित करायला भारतीय वकिलातीत जाऊन टोकन घेऊन बसलो. समोर पासपोर्टची रांग, मजुरांची. खिडकीतल्या माणसाने सही कुठे करायची ते दाखवलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, लग्नाआधीचं आणि नंतरचं, जसं कागदात होतं तसं. कुरियरने पाठवून दिलं.

भाऊ अजून रविवारी फोन करतो. पहिल्यासारखा उशीर झाला की ओरडत नाही, मुलीची चेष्टा करत नाही. नीट बोलतो. आम्ही ख्रिसमसला जाणार होतो, तेव्हा तो म्हणाला, “मागची खोली झाडून घेतलीय. रंग पण दिला. कागदाप्रमाणे.” आणि हसला. मीही हसले असते, पण त्याचं हसणं लगेच थांबलं.

“बरं,” मी म्हटलं, आणि पोरांच्या परीक्षा कधी संपतायत ते विचारलं.